फ्लूक आणि बकटेल जिग: बडोद्याहून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च-एप्रिल आला की प्रश्न सुरू होतात. मुलाकडे किंवा लेकीकडे उन्हाळा काढायला न्यू जर्सीला निघालेले दांडिया बाजारातले काका, जावयाने बोटीवर न्यायचं कबूल केलेले मामा, आणि तिकडे नोकरी करणारी, सुट्टीच्या दिवशी गरवायला जाणारी आपली पोरं. फ्लूक नावाचा चपटा मासा बकटेल जिग या कृत्रिम आमिषाने कसा गरवायचा, याबद्दलचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. घाईत असाल तर 5 आणि 9 एवढे वाचून बोटीवर चढा. बाकीचं परत आल्यावर वाचलंत तरी चालेल.

1. बकटेल जिग म्हणजे नेमकं काय असतं?

गळाच्या दांड्यावर शिशाचं डोकं ओतलेलं असतं आणि डोक्यामागच्या मानेवर हरणाच्या शेपटीचे केस धाग्याने घट्ट बांधलेले असतात. एवढंच. पाती नाहीत, बॅटरी नाही, खुळखुळा नाही. जिग वर उचललं की केस मिटतात, खाली सोडलं की फुलतात, आणि नुसतं धरून ठेवलं तरी पाण्याच्या ओढीने हलत राहतात. माशाला ते लहान मासळी किंवा माकूळ (स्क्विड) वाटतं. शिशामुळे ते तळापर्यंत जातं आणि फ्लूक तळावरच असतो, म्हणून या दोघांची जोडी इतकी जमते.

2. फ्लूक, फ्लाउंडर, हॅलिबट, आपला लेप... यातला कोणता मासा?

या पानावर सगळीकडे समर फ्लाउंडर अभिप्रेत आहे. न्यू जर्सी, न्यू यॉर्कच्या किनाऱ्यावर त्यालाच फ्लूक म्हणतात. चपटा मासा, दोन्ही डोळे डाव्या बाजूला, तोंड मोठं आणि दात तीक्ष्ण. तिथेच मिळणारा विंटर फ्लाउंडर उजव्या डोळ्यांचा आणि अगदी लहान तोंडाचा असतो. तो किडे खातो, बकटेलच्या वाटेला फारसा जात नाही.

फ्लूक वाळूत अंग पुरून पडतो, फक्त डोळे बाहेर. पण त्याला आळशी समजू नका. वरून काही गेलं की झेप घेतो आणि प्रसंगी चांगला पाठलागही करतो. डोळे वर रोखलेले असल्यामुळे तळापासून वीतभर वर उड्या मारणारी वस्तू त्याला सगळ्यात नीट दिसते. पुढच्या निम्म्या उत्तरांचं कारण हेच आहे. विक्रमी फ्लूक 1975 मध्ये न्यू यॉर्कमधल्या माँटॉकला सापडला, 22 पौंड 7 औंसांचा. पण तुमच्या गळाला 2-3 पौंडांचा लागला तरी घरी सांगण्यासारखा असतो. आपल्याकडच्या लेप आणि भाकसबद्दल प्रश्न 19 पाहा.

3. तिकीट कोणत्या महिन्याचं काढू?

हिवाळ्यात फ्लूक किनाऱ्यापासून लांब, खोल समुद्रात असतो. वसंतात पाणी तापायला लागलं की खाड्या आणि उपसागरांत शिरतो, उन्हाळाभर राहतो आणि शरदात परत फिरतो. मे महिन्यात उथळ खाडीत, हलक्या जिगवर मजा येते. उथळ पाणी आधी तापतं म्हणून मासा तिथे असतो. जुलै-ऑगस्टमध्ये मोठे मासे खाडीच्या तोंडाशी आणि बाहेर समुद्रात सरकतात. फक्त याचसाठी जाणार असाल तर जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतचा काळ बघा. आपल्याकडचा उकाडाही चुकतो.

4. लायसन्स लागतं का? आणि केवढा मासा ठेवता येतो?

न्यू जर्सीत खाऱ्या पाण्यात गरवायला पैसे भरून लायसन्स घ्यावं लागत नाही, पण 16 वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाने राज्याच्या खाऱ्या पाण्याच्या नोंदवहीत नाव घालायचं असतं. ते ऑनलाइन आणि फुकट होतं. पाहुण्यांनाही ते लागू आहे. पार्टी बोटीवर (माणशी तिकीट काढून जायची सामाईक बोट) किंवा चार्टर बोटीवर (अख्खी भाड्याने घेतलेली बोट) जाणार असाल तर त्या दिवसापुरती ही नोंद लागत नाही. गोड्या पाण्याचं लायसन्स वेगळं आणि ते विकत घ्यावं लागतं.

मापाचा नियम दरवर्षी वसंतात नव्याने जाहीर होतो, म्हणून राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याच्या संकेतस्थळावर त्या वर्षीचा आकडा बघूनच घराबाहेर पडा. अंदाज यावा म्हणून सांगतो. 2025 मध्ये हंगाम 4 मे ते 25 सप्टेंबर होता, किमान लांबी 18 इंच आणि माणशी दिवसाला 3 मासे. त्यालाही अपवाद होते. डेलावेअर उपसागरात 17 इंच, आणि आयलंड बीच स्टेट पार्कच्या किनाऱ्यावर उभं राहून गरवलं तर 16 इंचांचे 2. पाण्यापलीकडे न्यू यॉर्क लागतं आणि तिथले नियम वेगळे. रॅरिटन उपसागरात बोट मधली रेषा ओलांडते तेव्हा हे लक्षात ठेवावं लागतं.

माप घेताना तोंड मिटलेलं हवं. 17 आणि तीन-चतुर्थांश इंच म्हणजे 18 नव्हे. तिथे "चालतंय हो" चालत नाही.

5. किती वजनाचं जिग घेऊ? दुकानात तर चाळीस तऱ्हा दिसतात.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. उत्तर एका ओळीत: तळाला टेकलेलं तुम्हाला कळतं, त्यातलं सगळ्यात हलकं.

आता खुलासा. वजन ठरवणाऱ्या गोष्टी तीन: पाण्याची खोली, ओढ, आणि बोट सरकण्याचा वेग. तिथली माणसं अंदाजाला दर 10 फुटांमागे 1 औंस धरतात (1 औंस म्हणजे साधारण 28 ग्रॅम). पण हा आकडा थोडा जडच आहे. बारीक ब्रेडेड, म्हणजे विणलेली, दोरी असेल आणि पाणी संथ असेल तर 30 फुटांत दीड औंसही पुरतो. उलट उधाणाच्या दिवशी खाडीच्या तोंडाशी त्याच 30 फुटांत 4 औंस लागू शकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जोरात पळतं, अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगेच्या दिवसांत, कमी. हे आपल्या पंचांगावरून बडोद्यात बसूनही काढता येतं.

ढोबळ हिशोब असा. मागच्या खाडीत 5 ते 15 फुटांत पाव ते 1 औंस. रॅरिटन उपसागर, सँडी हूकच्या आत 1 ते 2. मॅनस्क्वान किंवा बार्नेगॅटसारख्या खाडीच्या तोंडात 2 ते 4. बाहेर समुद्रात, बुडीत जहाजांच्या आणि कृत्रिम खडकांच्या आसपास 60-80 फुटांत 3 ते 6.

वजन बरोबर आहे की नाही हे दोरी सांगते. जिग टेकल्यावर दोरी सरळ खाली किंवा थोडी तिरकी दिसली तर ठीक. ती लांब लांब जात पाण्याच्या पातळीकडे झुकायला लागली की जिग तळावर नाही, अधांतरी फिरतंय. आणखी दोरी सोडून ते सुधारत नाही, कारण जितकी दोरी बाहेर तितकी पाण्याची पकड जास्त. वर घ्या आणि अर्धा-एक औंस वाढवा.

मग थेट 6 औंसांचंच का लावू नये? जड जिग तळावर धपकन आदळतं, वाळूत रुततं, हाताला येणारी जाणीव बोथट होते आणि नाजूक चावा कळत नाही. हलकं जिग सावकाश उतरतं आणि फ्लूक बहुधा उतरतानाच धरतो.

म्हणून खरेदीचा सल्ला: एकाच रंगात पाच वजनं घ्या. एकाच वजनात पाच रंग घेऊन आलेल्या माणसाचा दिवस पहिली ओढ बदलली की संपतो.

6. डोक्याचा आकार गोल घ्यावा की चपटा?

पहिल्या वर्षी फार डोकं लावू नका. गोल डोकं सगळीकडे चालतं. पुढून निमुळतं असेल तर ओढ कापत लवकर उतरतं, म्हणून खोल पाण्यात बरं. पावट्याच्या दाण्यासारखं चपटं डोकं उतरताना हेलकावे खात सावकाश जातं, म्हणून ते उथळ खाडीत आवडतं. एक गोष्ट मात्र बघाच: दोरी बांधायची कडी डोक्याच्या वरच्या बाजूला असावी, म्हणजे लटकल्यावर जिग आडवं राहतं आणि गळाचं टोक वर. गळ 3/0 ते 5/0 मापाचा आणि नखावर घासला तर रुतणारा. घसरला तर कानस मारा.

7. रंग?

पांढरा. पाणी गढूळ असेल तर पोपटी किंवा पिवळसर-हिरवा. गुलाबीवरही तिकडच्या लोकांची श्रद्धा आहे. रंगावर संध्याकाळभर वाद घालायला हरकत नाही, पण तो किनाऱ्यावर परत आल्यावर घाला.

8. रॉड, रीळ, दोरी कोणती?

साडेसहा ते सात फुटांचा, हलका पण टोकाला चपळ रॉड. तुम्ही दिवसभर मनगट हलवणार आहात, म्हणून जड रॉडने संध्याकाळी चमचाही धरवणार नाही. 2500 ते 3000 मापाचं फिरकी रीळ किंवा लहान बेटकास्टर, म्हणजे रॉडच्या वर बसणारं रीळ. दोरी 10 ते 20 पौंडांची ब्रेडेड. साध्या नायलॉनला ताण येतो आणि 50 फुटांवरचा चावा वाटेतच विरतो. पुढे 3-4 फूट 20-30 पौंडांची फ्लुरोकार्बनची पारदर्शक दोरी, जोडायला डबल युनी किंवा एफजी गाठ. जिगला घट्ट गाठीऐवजी लहान लूप ठेवलात तर ते मोकळं नाचतं. फ्लूकला दात असले तरी तारेची गरज नाही, पण दर माशानंतर शेवटची वीतभर दोरी बोटांतून फिरवून बघा. खरखरीत लागली तर कापून नवी गाठ मारा.

9. टाकल्यावर करायचं काय? म्हणजे हलवायचं कसं?

रीळ मोकळं करून जिग सोडा आणि एक बोट दोरीवर हलकं ठेवा. जिग टेकलं की सुटत जाणारी दोरी एकदम सैल पडते. लगेच रीळ बंद. सैल दोरी गुंडाळून घ्या, रॉडचं टोक पाण्याकडे, कमरेच्या जरा वर.

आता फक्त मनगटाने 6 ते 8 इंच वर उचला आणि परत खाली न्या. खाली नेताना टोक इतक्याच वेगाने उतरवा की दोरी ताणलेली राहील. बहुतेक चावे याच उतरणीत येतात. दोरी सैल सोडलीत तर माशाने धरलं काय आणि थुंकलं काय, तुम्हाला पत्ता लागणार नाही. दर दोन-तीन उचलण्यांमागे एकदा तळ लागलेला जाणवला पाहिजे. नाही लागला तर दोरी थोडी सोडा, तरीही नाही तर प्रश्न 5.

यूट्यूबवर रॉड डोक्यावर झटकणारे लोक दिसतात. ते दुसऱ्या माशांसाठी आहे. फ्लूकला लहान, एकसारखी थरथर आवडते: उचल, उचल, थांब. त्या थांबण्यातही पाणी केसांना हलवत असतं.

चावा दोन तऱ्हांनी कळतो. एक, टकटक. ती सगळ्यांना कळते. दुसरा फसवा असतो. जिग उचलायला जाता आणि ते जड वाटतं, जणू ओलं फडकं अडकलंय. किंवा खाली जाताना तळ यायच्या आधीच वजन नाहीसं होतं. काहीही वेगळं वाटलं की मनगटाने झटका द्या. नुसत्या आमिषावर गरवणारे मासा नीट गिळू दे म्हणून थांबतात, पण केस आणि शिसं त्याला फार वेळ फसवत नाही. झटका बसल्यावर मात्र शांतपणे, एकसारखं गुंडाळा. रॉड वरखाली पंप करण्यात दोरी क्षणभर सैल पडते आणि डोकं झटकणारा फ्लूक तेवढ्यात सुटतो.

10. टकटक होते, झटका देतो, पण दरवेळी रिकामं येतं.

बहुतेक वेळा जिगच्या केसांची शेपूट फार लांब असते. मासा मागून टोक धरतो आणि गळ पुढेच राहतो. केस गळाच्या वळणापासून अर्धा-पाऊण इंच मागे असले तर पुरेत, जास्तीचे कात्रीने छाटा. टोकं एका रेषेत कापू नका, कात्री तिरकी धरून विरळ करा. मागे लावलेली आमिषाची पट्टी (प्रश्न 11) 6 इंचांची असेल तर 4 करा. हे करूनही तसंच चाललं तर झटका न देता टोक सावकाश एक फूट खाली न्या, मग उचला. आणि मासा छोटाच असण्याची शक्यताही धरा. 12 इंचांचे फ्लूक या खोडीसाठी प्रसिद्ध आहेत.

11. जिगला काही लावायचं, की नुसते केस पुरतात?

नुसत्या केसांवरही मासा येतो. पण काही लावलंत तर चावा मारल्यावर तो आणखी एक क्षण धरून ठेवतो, आणि तो क्षण तुमच्या कामाचा असतो. दोन मार्ग आहेत.

एक, बर्कली कंपनीचं गल्प, म्हणजे वासाच्या द्रवात मुरवलेली मऊ कृत्रिम मासळी. 4 इंची स्विमिंग मलेट किंवा 5 इंची ग्रब, पांढरी किंवा पोपटी. टिकाऊ असतं आणि लहान मासे ते कुरतडून नेत नाहीत. डबा बाहेर ठेवला तरी चालतो आणि तो बाहेरच ठेवा. त्या द्रवाचा एक थेंब सुनेच्या फ्रीजमध्ये सांडला तर तुमचा मुक्काम आटोपता येतो. गळावर लावलेलं गल्प उन्हात वाळून दगड होतं, म्हणून दिवस संपला की काढून टाका.

दुसरा, माकूळ, म्हणजे स्क्विड. साफ केलेली नळी उभी चिरून पसरा, आतला पातळ पडदा खरवडा, आणि अर्धा इंच रुंद, 4-5 इंच लांब, शेवटी निमुळती अशी पट्टी कापा. रुंद टोकाला मधोमध एकदाच टोचा. दोनदा टोचली की ती गोळा होते, जिग गिरक्या घेतं आणि दोरीला पीळ बसतो. शाकाहारी घरातल्यांनी गल्पच घ्यावं, सुरी-पाटाचा प्रश्न येत नाही.

12. टीझर म्हणजे काय? लावायलाच हवा का?

जिगच्या दीड-दोन फूट वर, दोरीतून काढलेल्या लहान फाट्यावर एक बिनवजनाचा केसाळ गळ बांधतात, तो टीझर. त्यालाही गल्प किंवा पट्टी लावतात. मोठं काहीतरी छोट्याच्या मागे लागलंय असं चित्र माशाला दिसतं आणि वरच्या गळालाही फ्लूक बराच लागतो. बाहेर खोल पाण्यात जरूर लावा. उथळ खाडीत, शेवाळ वाहत असेल तर एकच जिग ठेवा, नाहीतर निम्मा वेळ केर काढण्यात जातो. गर्दीच्या बोटीवर नवखा असाल तरीही एकच, दोन गळांत शेजाऱ्याची दोरी लवकर अडकते.

13. बोट फार पळते, किंवा अजिबात हलत नाही. मग?

तासाला पाऊण ते सव्वा सागरी मैल, म्हणजे दीड-दोन किलोमीटरचा वेग चांगला. फोनच्या जीपीएसवर दिसतो. वारा आणि ओढ एकाच दिशेला असली की बोट पळते. तेव्हा वजन वाढवा, आणि आपली बोट असेल तर मागे पाण्यातलं छत्र, म्हणजे ड्रिफ्ट सॉक, सोडा. वारा आणि ओढ समोरासमोर आली की बोट जागीच खिळते. मग जिग हलकं करा, 20-30 पावलं लांब फेका आणि तळावर टप्पे घेत परत आणा. बोट फिरत नसेल तर जिगने फिरायचं. भरती-ओहोटीच्या मधे पाणी अगदी थांबतं तेव्हा मासाही बहुधा थांबतो, डबा उघडून पोळी-भाजी खायची वेळ तीच.

14. बोट लागते मला. किनाऱ्यावरून जमेल का?

जमेल, आणि पुष्कळ लोक ते पसंत करतात. फ्लूक लाटा फुटतात त्या पट्ट्याच्या आतल्या खोलगट भागात, कधीकधी तुमच्या पायांपासून 10-15 फुटांवर असतो. म्हणून आल्याआल्या कमरेएवढ्या पाण्यात शिरून लांब फेकू नका. मासा मागे राहतो. कोरड्या वाळूवर उभे राहा, अर्धा ते 1 औंसाचं जिग किनाऱ्याला तिरकं फेका आणि तळावर टप्पे देत अगदी पायांपर्यंत आणा. चार-सहा वेळा फेकून काही नाही तर 20 पावलं पुढे सरका.

15. पार्टी बोटीवर बकटेल चालतं? न्यू जर्सीतल्या बेल्मारची तिकिटं काढली आहेत.

चालतं. बोटीवर साधा शिशाचा संच आणि आमिष मिळतं, बकटेल आपलं आपण न्यायचं. आधी मदतनिसाला विचारा की आज किती वजन लागतंय, आणि पहिल्या फेरीला तेवढंच लावा. शेजारचे 6 औंसांवर आणि तुम्ही 2 वर असलात तर तुमची दोरी त्यांच्या सगळ्या दोऱ्यांमधून फिरून येते. बोट ज्या दिशेला सरकते त्या बाजूला जागा मिळाली तर जिग थोडं पुढे फेका. ते तळाला पोचेपर्यंत बोट त्याच्यावर येते आणि दोरी सरळ होते. मासा दिसला की जाळीसाठी हाक मारा आणि त्याचं डोकं पाण्याबाहेर काढू नका. फ्लूक डोक्याच्या बाजूने जाळीत घ्यायचा असतो. मदतनिसाला बक्षिशी देण्याची तिथे रीत आहे, ती पाळा.

16. बकटेल इथेच बडोद्यात बांधून नेलं तर? हरणाचे केस कुठे मिळतील?

बांधा, पण हरणाचे केस इथे शोधू नका. चितळ, सांबर, काळवीट हे सगळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. "आजोबांच्या शिकारीतली शेपूट माळ्यावर आहे" असं सांगणारे एक-दोघे दरवर्षी भेटतात. ती कात्रीला लावू नका, विकू नका आणि बॅगेत तर मुळीच घालू नका. अमेरिकेत बकटेलसाठी वापरतात ती व्हाइट-टेल्ड जातीच्या हरणाची शेपूट. तिथे त्याची रीतसर शिकार होते आणि शेपटी रंगवून दुकानात विकायला असते.

इथे हात बसवायला दोन गोष्टी उपयोगी. एक, बोकडाचे लांब केस. दुसरी, मंगळ बाजारात मिळणारं कृत्रिम गंगावन. नुसतं गंगावन पाण्यात लोळागोळा होतं. बोकडाच्या केसांचा आतला थर आणि वरून विरळ गंगावन केलं तर आकार धरतं.

बांधायची रीत. जिग टेबल व्हाइसमध्ये गळाच्या वळणाशी पकडा, डोकं तुमच्या उजवीकडे. मानेवर बारीक पण मजबूत नायलॉन धाग्याचे दहाबारा वेढे घालून बैठक करा. सगळे केस एकदम बांधायचा मोह होतो, पण मग एका बाजूला ढीग आणि दुसरीकडे टक्कल. काडेपेटीच्या काडीएवढ्या जाडीच्या सहा-आठ बटा करा, बुंध्याकडून सारख्या कापा, आणि एकेक बट मानेवर ठेवून तीन वेढे घट्ट, पुढची तिच्या शेजारी, असं गोल फिरा. शेवटी वेढे दाबून गाठ आणि वरून अरल्डाइटचा पातळ थर. फेविक्विक लवकर वाळतं पण धागा ठिसूळ करतं.

खऱ्या शेपटीवर बांधाल तेव्हा शेंड्याकडचे केस घ्या. बुडाजवळचे केस पोकळ असतात, धागा आवळला की ताठ उभे राहतात. विरळ बांधलेलं जिग लवकर उतरतं, दाट बांधलेलं सावकाश. म्हणजे एकाच वजनात दोन वेग मिळतात.

बोकडाच्या केसांची जिग नेणार असाल तर अमेरिकेत उतरल्यावर कस्टमच्या नोंदीत प्राण्यांपासूनची वस्तू म्हणून सांगा. ते नको असेल तर फक्त कृत्रिम धाग्यांची न्या.

17. शिसं वितळवून डोकीही घरीच ओतली तर?

स्वयंपाकघरात कदापि नाही. शिशाची वाफ आणि भुकटी विषारी असते, लहान मुलांना तर फारच. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर ते उडतं. तयार डोकी विकत मिळतात, रंग उडाला तर नेलपॉलिशचे दोन हात पुरतात. शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुऊनच भाकरी मोडा.

18. विमानात नेता येतं का, आणि जायच्या आधी सराव कुठे करू?

गळ, जिग, चिमटे सगळं चेक-इन बॅगेत, टोकांवर रबरी नळी किंवा थर्माकोलचा तुकडा. रॉड तीन-चार तुकड्यांचा प्रवासी असेल तर बॅगेतच मावतो.

सरावासाठी विश्वामित्रीच्या काठावर जाऊ नका. शहराच्या मधोमध मगरी असलेली नदी आहे ती, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं, आपल्याला नाही. आजव्यालाही तेच. फेकण्याचा सराव पोलो ग्राउंडसारख्या मोकळ्या जागी सकाळी करा, जिगचा गळ पकडीने कापून. आणि तळ ओळखण्याचा सराव तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून होतो. खाली कोणी नाही बघून गळ कापलेलं 1 औंसाचं जिग अंगणात सोडा, डोळे मिटा आणि टेकल्याचा क्षण बोटाला कळतो का बघा. मग अर्धा औंस लावा. वारा असेल तर दोरीला पोट येतं आणि टेकलेलं कळेनासं होतं. प्रश्न 5 मधली सगळी भानगड घरबसल्या समजते. सोसायटीतले लोक बघतील, बघू द्या.

19. हेच जिग घेऊन आपल्या समुद्रात चपटे मासे मिळतील का? खंभातचं आखात तर दीड-दोन तासांवर आहे.

खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक भावनगरकडे 10 मीटरच्या आसपास जातो. इतकं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर झालं की ते कायम गढूळ राहतं. फ्लूकसारखा डोळ्यांवर शिकार करणारा मासा आणि त्याला दाखवायचं जिग, दोघांनाही ते पाणी सोयीचं नाही. शिवाय तिथल्या चिखलात आणि झपाट्याने येणाऱ्या भरतीत हौसेने उतरण्यासारखं काही नाही.

लेप तर बकटेल घेतच नाही. त्याचं तोंड लहान आणि वाकडं, तो तळातले किडे, बारीक कोळंबी टिपतो. भाकस वेगळा. मोठं तोंड, दणकट दात, मासे खाणारा. स्वभावाने तो फ्लूकच्या जवळचा आहे. पण आपल्याकडे तो येतो मुख्यतः ट्रॉलरच्या जाळ्यात. कोणी सौराष्ट्राच्या बाजूला बोटीवर जाणार असेल तर 2-3 औंसांचं पांढरं बकटेल बरोबर असू द्यावं, पण भाकसची आशा धरून जाऊ नये. तळाशी दुसरे शिकारी मासे असतातच.

20. फ्लूकऐवजी पंख असलेलं काहीतरी आलं आणि ते गुरगुरत होतं!

सी रॉबिन. पंख पसरतो, पोटातून आवाज काढतो, डोक्यावर काटे असतात. घाबरू नका, पण चिमट्याने धरा. सोडून द्या, किंवा तिथे चालत असेल तर पोटाची पट्टी कापून जिगला लावा, फ्लूकला ती आवडते. छोटा शार्क किंवा वाघळीच्या जातीचा स्केट आला तर शेपटीपासून हात लांब. हे सगळे एकामागून एक यायला लागले तर जागा बदलायची वेळ झाली.

21. मापात नसलेला मासा कसा सोडायचा?

हात ओले करून धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. कल्ल्यात बोट घालू नका. बकटेलचा गळ बहुधा ओठातच असतो, चिमट्याने उलटा फिरवला की निघतो. खोल गेला असेल तर दोरी जवळून कापा. फोटो काढायचा तर आधी फोन हातात घ्या, मग मासा पाण्याबाहेर.

22. घरी आल्यावर जिगचं काय करायचं?

गोड्या पाण्याने धुवा, जुन्या टूथब्रशने केस विंचरा, पूर्ण वाळल्यावरच डब्यात. ओलं ठेवलं तर एका गंजलेल्या गळाचा डाग सगळ्या पांढऱ्या केसांना लागतो.

23. पकडलेल्या फ्लूकचीच पट्टी आमिष म्हणून वापरतात म्हणे. चालतं?

पोटाची पांढरी पट्टी उत्तम आमिष आहे, चिवट असते, गळावरून निघत नाही. कायद्याची बाजू मात्र नाजूक आहे. मासा मापात बसणारा हवा. समुद्रावर असताना मासे कापून तुकडे करायला एरवी बंदी असते, कारण मग लांबी मोजता येत नाही. न्यू जर्सीत दिवसाला एका मापातल्या फ्लूकची पट्टी आमिषासाठी काढायची मुभा दिलेली आहे, पण उरलेला सांगाडा डोक्या-शेपटीसकट जपून ठेवायचा, आणि तो तुमच्या त्या दिवसाच्या कोट्यात धरला जातो. हाही नियम प्रश्न 4 मधल्या संकेतस्थळावर त्या वर्षीचा वाचून घ्या. सांगाडा फेकून देऊ नका, वॉर्डन तोच मोजतो. घरी आणल्यावर त्याचं कालवण होतं.